फिट दोन मिनिटांची, लपवाछपवी चोवीस तासांची

वस्तीत कुणाला फिट आली की आजही कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतात. आम्हीही धरली आहे, कबूल करतो. त्याने काही होत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांहून जास्त चालली तर दवाखाना गाठावा.

आमच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी गोळ्या कंपासपेटीत लपवायची. आई म्हणे, "भाऊ, कुठं बोलू नका, लग्नाचं बघायचंय." बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातली फेफऱ्याची आडकाठी १९९९ सालीच निघाली, हे त्या माउलीला आम्ही सांगितले.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ साली फिट येणाऱ्यांचा मदतगट सुरू केला. त्या स्वतः या आजारातून गेलेल्या. तशाच एका बैठकीला आम्ही मुलीला नेले. तिच्याच वयाच्या एका मुलाने विचारले, "परीक्षेच्या जागरणानं तुलाही येते का गं?" ती चकित झाली. हा प्रश्न तिला घरी कुणी विचारलाच नव्हता. दोघे तासभर बोलत होते.

परतताना एसटीत तिने सर्वांदेखत गोळी काढली आणि आमच्याकडे पाणी मागितले.