साखर फोडणारे किण्व

पहाटे शिंदीच्या झाडावरून उतरवलेली नीरा किती गोड असते, हे चाखणाऱ्याला सांगायला नको. तीच नीरा दुपारपर्यंत उघडी राहिली की फसफसते, आंबते आणि तिची ताडी होते. मडक्याच्या अंगाला चिकटलेला, वाऱ्याबरोबर किंवा माशांच्या पायांवरून आलेला एक सूक्ष्म जीव हे काम करतो. पुस्तकात त्याला किण्व म्हणतात, पाववाला यीस्ट म्हणतो.

आता गंमत अशी की, नीरेतली साखर बहुतांशी उसातल्या साखरेचीच जात, म्हणजे इक्षुशर्करा. तिचा प्रत्येक रेणू म्हणजे द्राक्षशर्करा आणि फलशर्करा यांची घट्ट जोडी. ही जोडी किण्वाच्या पेशीत सहजी शिरत नाही. म्हणून किण्व दाराबाहेरच ती फोडते आणि सुटे झालेले तुकडे आत घेते. फोडण्याचे हत्यार म्हणजे एक विकर, त्याचे नाव इन्व्हर्टेज. इन्व्हर्ट म्हणजे उलटणे. साखरेच्या पाण्यातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. जोडी फुटली की तोच डावीकडे वळू लागतो. त्यावरून हे नाव पडले.

किण्वाच्या अर्कात, जिवंत पेशी नसतानाही, साखर फुटते हे फ्रान्समध्ये बर्थेलो यांनी १८६० साली दाखवले. त्या काळी किण्वन हे सजीव पेशीचेच काम, असे पाश्चर मांडत होते, तेव्हा वाद व्हायचाच. पुढे १९१३ साली बर्लिनमध्ये मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी याच विकराचा वेग मोजून जे समीकरण मांडले, ते आजही कॉलेजात शिकवले जाते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे वर्गात जरूर करून पाहावे. तीन परीक्षानळ्या घ्या. पहिलीत नुसते साखरेचे पाणी, दुसरीत साखरेचे पाणी आणि चिमूटभर पावाचे यीस्ट, तिसरीत साखरेचे पाणी आणि आधी चांगले उकळून घेतलेले यीस्ट. वीस मिनिटे कोमट पाण्यात उभ्या ठेवा. मग प्रत्येकीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून तापवा. साधी साखर त्या निळ्या रंगाला हात लावत नाही. फुटलेली साखर मात्र त्याला विटकरी करते. तेव्हा दुसरीचा रंग पालटेल. तिसरी निळीच राहील, कारण उकळल्याने विकर निकामी होते. ‘असे का?’ हे मुलांनाच विचारावे, आपण घाई करू नये.

हे विकर बनवायची कृती किण्वाच्या नवव्या गुणसूत्रावर एका जनुकात लिहिलेली आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘एस-यू-सी दोन’ म्हणतात. १९८२ साली अमेरिकेत मरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांनी दाखवले की, या एकाच जनुकावरून दोन निरोप निघतात, एक थोडा लांब, एक थोडा आखूड. लांब निरोपातून बनलेल्या विकराला पुढच्या टोकाला जणू पत्त्याची चिठ्ठी असते. ती पाहून पेशी त्याला बाहेर, भिंतीपाशी पाठवते. आखूड निरोपाला चिठ्ठी नाही, म्हणून ते विकर घरातच राहते. बाहेरच्या विकराची तर मोठी शिस्त आहे. द्राक्षशर्करा भरपूर असेल तर हा लांब निरोप जवळजवळ थांबतो. आयती भाकरी ताटात असताना जात्यावर कोण बसेल?

पण दाराबाहेर दळण घातले की पीठ वाऱ्यावर उडणारच. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसले की, फुटलेल्या साखरेपैकी फोडणाऱ्या पेशीच्या पदरात शेकडा एकच वाटा पडतो. बाकीचे शेजाऱ्यांचे. मग हे जनुकच नसलेल्या फुकट्या पेशी माजतात, कारण विकर बनवायचा खर्च त्यांना नाही. आपल्याकडे पाटाचे पाणी सर्वांचे आणि पाट उपसायला मोजकेच, असा प्रकार कुठे कुठे पाहायला मिळतो, तसेच हे. तरीही फुकटे सगळे रान खात नाहीत. फोडणारे फार कमी उरले की साखर दुर्मीळ होते, आणि त्या वेळी हाताशी असलेला तो शेकडा एक वाटाच त्यांना तारतो. शेवटी दोन्ही जाती एकत्र नांदतात.

उसातही स्वतःचे इन्व्हर्टेज असते, बरे का. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की इतर कारणांबरोबर तेही साखर फोडते. उतारा घटतो, आणि अशा रसाचा गूळ नीट बांधत नाही, चिकट होतो.

आणखी एक गोष्ट. कोणत्या किण्वाला साखर फोडता येत नाही, याचा शोध घेताना एक निराळे जनुक हाती लागले. त्याला ‘एस-एन-एफ एक’ म्हणतात. द्राक्षशर्करा संपली, आता दुसरी सोय करा, हा हुकूम त्याच्याकडून सुटतो. त्याचाच भाईबंद आपल्या शरीरातल्या पेशींत आहे. पेशीतली ऊर्जा कमी पडली की तो जागा होतो, आणि मधुमेहात दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या औषधाने तोही चेतवला जातो, असे प्रयोगांत दिसले आहे.