घाटात रेंज गेली तरी मॅप चालतो कसा? पुणे–मालवण कारने जाण्याआधी हे समजून घ्या

पुण्याहून मालवण साधारण पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. कोल्हापूरपर्यंत मोठा हायवे, रेंज फुल्ल, मॅप एकदम खूश. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. सह्याद्री उतरून कोकणात शिरायचं तर एखादा घाट निवडावाच लागतो. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, नाहीतर आजऱ्यावरून आंबोली. या चारही वाटांवर फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या दांड्या एकेक करून गायब होतात. नेमकं तेव्हाच गाडीतलं कुणीतरी विचारतं, "आता मॅप बंद पडणार का रे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं आजोळ मसुऱ्याला, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर ट्रिपला येतो. उत्तर असं की निळा ठिपका बंद पडत नाही. बंद पडतं ते दुसरंच काहीतरी. ते काय हे कळलं तर तुमची तयारीही बदलेल.

निळा ठिपका कुठून येतो?

मॅपमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र चालतात. तुम्ही कुठे आहात, तिथला नकाशा कसा आहे, आणि पुढचा रस्ता कोणता. आपण तिन्हींना मिळून "मॅप" म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे जीपीएस. याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एकच काम करतात, आपली वेळ आणि आपली जागा आकाशातून सांगत राहतात. तुमचा फोन फक्त ऐकतो. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे उपग्रहापासून तुमच्यापर्यंत साधारण 0.07 सेकंदात. किती उशीर झाला यावरून अंतर निघतं आणि अशा किमान चार उपग्रहांची अंतरं जुळली की जागा मिळते. वेळेत एक मायक्रोसेकंद चूक झाली तर जमिनीवर 300 मीटरचा फरक पडतो, म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं बसवलेली असतात.

फोन फ्लाइट मोडवर टाकून पाहा, ठिपका तरीही हलत राहील.

मग घाटात तो कधीकधी अडकतो का? दोन कारणं आहेत. एक, दोन्ही बाजूंना उंच कडा असेल तर आकाशाचा तुकडाच छोटा दिसतो आणि काही सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात. ठिपका दरीत उडी मारतो तो यामुळे. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. उपग्रह नेमके कुठे आहेत याची ताजी माहिती फोनला लागते. ती थेट उपग्रहाकडून ऐकायला किमान अर्धा मिनिट लागतो आणि सिग्नल तुटत राहिला तर बराच जास्त. रेंज असेल तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मागवतो. म्हणून घाट सुरू होण्याआधीच, गगनबावड्याच्या किंवा दाजीपूरच्या अलीकडे रेंज असताना, लोकेशन आणि नेव्हिगेशन चालू करून ठेवायचं. मध्येच अ‍ॅप बंद करायचं नाही.

आणि एक. रेंज नसली की फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी वेगाने खातो, वर डॅशबोर्डवरचं ऊन. फोन तापला की चार्जिंगही मंदावतं. तेव्हा होल्डर एसीच्या जाळीजवळ लावलेला बरा.

नकाशा मात्र आधीच घ्यावा लागतो

दुसरी गोष्ट, म्हणजे नकाशाचं चित्र आणि रस्त्यांची माहिती, ही इंटरनेटवरून येते. ती आधी उतरवली नसेल तर कोऱ्या राखाडी पडद्यावर एकटा निळा ठिपका फिरताना दिसेल. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि चौकोनात कोल्हापूरपासून मालवण-सावंतवाडीपर्यंतचा भाग बसवा. काहीशे एमबी जातील, घरच्या वायफायवरच करा. चौकोनात घाटाच्या वरची आणि खालची, दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. बरेच जण फक्त 'मालवण' डाउनलोड करतात आणि घाट बाहेरच राहतो.

ऑफलाइन असताना कारचा रस्ता मिळतो, वळणाच्या सूचनाही मिळतात. पण ट्रॅफिकचे रंग, रस्ता बंद असल्याची ताजी खबर आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत. जोडीला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्ससारखं एखादं अ‍ॅप टाकून ठेवा. 2004 मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकच भरतात. आमच्या वाडीकडे वळणारा फाटा त्यात मीच टाकला आहे, त्यामुळे थोडा पक्षपात समजा.

रस्ता कोण निवडतं?

इंजिनिअरिंगला आम्हाला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम होता. डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी 1956 मध्ये तो सुचवला आणि 1959 मध्ये छापला. मॅप आज जे करतात ते त्याचंच खूप पुढचं रूप. प्रत्येक चौक म्हणजे एक बिंदू, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एक रेघ, आणि प्रत्येक रेघेला एक किंमत, बहुतेक वेळा 'इथून जायला किती मिनिटं'. सगळ्यात कमी बेरीज येईल तो रस्ता जिंकतो.

आता ही मिनिटं येतात कुठून? आपल्याच फोनमधून. लोकेशन चालू असलेले फोन किती वेगाने पुढे सरकतायत यावरून. 2020 मध्ये सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने हातगाडीत 99 फोन भरून बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यावरून फेरी मारल्याचं दाखवलं आणि मॅपवर तो रस्ता लाल झाला. घाटात उलटं होतं. रेंज नाही म्हणजे फोन त्या क्षणी काही कळवत नाहीत, म्हणजे ताजी माहिती कमी. मग अंदाज लागतो तो जुन्या नोंदींवर आणि रस्त्याच्या प्रकारावर. धुक्यात दहाच्या स्पीडने ऊसाच्या ट्रकमागे सरकणारी तुमची गाडी त्या बेरजेत नसते. मी मॅपच्या वेळेत घाटासाठी सरळ अर्धा-पाऊण तास वाढवून धरतो.

रस्ता आहे की नाही, हा त्याहून गंभीर प्रश्न. करूळ घाट 2024 च्या जानेवारीत रुंदीकरण आणि काँक्रीटीकरणासाठी बंद केला आणि वाहतूक दुसऱ्या घाटांकडे वळवली. अशा बंदची बातमी आधी स्थानिक पेपरात येते, मॅपवर नंतर. आणि ऑफलाइन नकाशात तर तुम्ही डाउनलोड केलं त्या दिवशीचंच जग असतं. 2021 च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. मॅपच्या दृष्टीने तिथे पूल होता. खराही होता, पण धरण भरलं की तो पाण्याखाली जायचा. अल्गोरिदमला रेघ दिसते, रेघेवरचं पाणी दिसत नाही.

त्यामुळे रात्री, पावसात किंवा अनोळखी घाटात मॅपने ऐनवेळी 'चार मिनिटं वाचतील' म्हणून नवा रस्ता सुचवला तर मी तो घेत नाही. सोपा उपाय म्हणजे मालवण हे एकच ठिकाण न टाकता टप्पे करायचे. आधी कोल्हापूर, मग फोंडाघाट, मग मालवण. घाट तुम्ही निवडा, मॅपला मधलं काम द्या. आणि घाटाच्या माथ्यावर चहा घेताना टपरीवर विचारून घ्या. समोरून वर आलेला ट्रकवाला हा कोणत्याही सर्व्हरपेक्षा ताजा डेटा.

बाइकचं चिन्ह तपासा

गुगलने 2017 च्या डिसेंबरमध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा मोड आणला. आपण शहरात बाइकवर फिरतो तेव्हा तोच निवडलेला असतो आणि कारमध्येही तसाच राहू शकतो. शहरात फार बिघडत नाही, कोकणात बिघडतं. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम एका गाडीची वाट, आणि पुढे व्हाळावर साकव. बाइक जाते, कार जात नाही आणि वळवताही येत नाही. एकदा आचऱ्याच्या बाजूला एका आजोबांनी आमची गाडी हात करून थांबवली होती. "तुमका खंय जावचा आसा? मालवणाक? मगे ह्यो रस्तो नको, फुडे साकव आसा." निघण्याआधी वरचं चिन्ह कारचं आहे ना, एवढं बघा.

मुंबईहून सागरी मार्गाने येणाऱ्यांसाठी याचाच भाऊ म्हणजे फेरीबोट. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा ठिकाणी मॅप खाडीवरून ठिपक्यांची रेघ काढतो. बोट चोवीस तास नसते, आणि रात्री उशिरा खाडीच्या काठावर पोहोचलात तर मोठा वळसा. सेटिंगमध्ये 'अव्हॉइड फेरीज' आहे. दिवसा बंद ठेवा, रात्री चालू करा.

कणकवलीत अजून एक घोळ. हायवे शहरावरून फ्लायओव्हरने जातो आणि खाली सर्व्हिस रोड. जीपीएसची उंचीची अचूकता आडव्या जागेपेक्षा कमी असते, त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली, हे फोनला नीट कळत नाही. 2024 मध्ये गुगलने देशातल्या 40 शहरांत फ्लायओव्हरची आगाऊ सूचना सुरू केली. पण आचऱ्यावरून मालवणला जायचं असेल तर इथे पाटी वाचूनच खाली राहा. कसालवरून जाणाऱ्यांनी बिनधास्त वरून जावं.

टोलचं थोडक्यात. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, हे नाके कोल्हापूरच्या आतच येतात. फास्टॅगमध्ये पैसे घरूनच भरून ठेवा.

वाडीचा पत्ता आणि घरच्यांची काळजी

कोकणात 'घर नंबर, गल्ली' असा पत्ता नसतो. वाडी असते आणि एकाच आडनावाची पंधरा घरं असतात. त्यासाठी प्लस कोड वापरा. मॅपमध्ये घरावर बोट दाबून धरलं की अक्षरं-आकड्यांचा एक कोड दिसतो. तो साधारण 14 मीटर बाय 14 मीटरचा चौकोन दाखवतो आणि थेट अक्षांश-रेखांशापासून बनतो. मामाला एकदा तो कोड काढून दिला, आता तो प्रत्येक पाहुण्याला आधीच पाठवतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तासांसाठी देता येतं. त्याला इंटरनेट लागतं. घाटात ते गोठतं आणि घरी आईला गाडी दरीच्या कडेला थांबलेली दिसते. खाली 'किती मिनिटांपूर्वी अपडेट' हे लिहिलेलं असतं, ते वाचायला घरच्यांना आधीच शिकवा आणि घाटाच्या वर आणि खाली एकेक फोन करा.

खरंच काही झालं तर 112. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर हा कॉल लागू शकतो. पडद्यावर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसतं त्याचा अर्थ हाच. फोन फ्लाइट मोडवर असेल तर आधी काढा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 108. एकाही कंपनीचा टॉवर नसेल तर काहीच लागत नाही, तेव्हा पुढे जाणाऱ्या गाडीवाल्याला प्लस कोड लिहून द्या.

आंगणेवाडीच्या जत्रेला येत असाल तर गणित परत बदलतं. तिथे टॉवर असतो, रेंजच्या दांड्याही फुल्ल दिसतात, पण फोन लागत नाही. दांड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, टॉवरवर जागा आहे का ते नाही. एका वाडीत लाखोंनी माणसं आली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडंसंच येतं. फोटो आणि व्हिडिओ अडकतात, साधा एसएमएस बऱ्याचदा निसटून जातो. गाडी लावली त्या जागेची पिन उतरल्याबरोबर सेव्ह करा, आणि दर्शनानंतर कुठे भेटायचं ते गाडीतच ठरवून ठेवा.