पाळीपूर्वीचे दिवस

एरवी शांत असणारी एखादी गृहिणी महिन्यातील काही ठराविक दिवस क्षुल्लक कारणावरून चिडते, तिच्या डोळ्यांत पाणी येते, अंग जड होते, डोके ठणकते. पाळी सुरू झाली, की दोन-तीन दिवसांत हे सारे ओसरते. ‘तिचा स्वभावच तसा’ असे म्हणून घरचे मोकळे होतात. तीही निमूटपणे तेच मानते. परंतु हा स्वभावदोष नव्हे. १९३१ साली न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी या त्रासाचे वर्णन केले. १९५३ साली इंग्लंडमध्ये डॉ. कॅथरिना डाल्टन व डॉ. रेमंड ग्रीन यांनी त्याला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे आज रूढ असलेले नाव दिले.

स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंत सुमारे दोन आठवडे जातात. या काळात प्रोजेस्टेरॉन हा अंतःस्राव वाढतो व अखेरीस उतरतो. हा चढउतार सर्वच स्त्रियांत होतो. त्रास होणाऱ्या स्त्रीत स्राव अधिक असतो असे नाही. तिचा मेंदू त्याला अधिक संवेदनशील असतो.

मग एका महिन्यात त्रास सुसह्य आणि दुसऱ्यात असह्य, असे का व्हावे? येथे परिस्थितीचा वाटा येतो. सर्वांत मोठा वाटा मानसिक ताणाचा आणि अपुऱ्या झोपेचा. परीक्षा, लग्नकार्य, आजाऱ्याची शुश्रूषा यांच्या महिन्यात तक्रारी बळावतात. जागरण निभावण्यासाठी घेतलेला जादा चहा पुढची झोपही मोडतो. धूम्रपान आणि स्थूलता यांचाही या त्रासाशी संबंध आढळला आहे. अंग फुगत असेल, तर त्या दिवसांत पापड-लोणच्यांवरील हात आखडता घ्यावा. अर्धशिशी, दमा, उदासीनता हे आधीचे विकारही पाळीपूर्वी उसळी घेतात. त्यांवर स्वतंत्र उपचार हवेत.

यासाठी एक साधा उपाय आहे. सलग दोन पाळ्यांपर्यंत रोजच्या तक्रारी, झोप आणि दगदग यांची दोन ओळींत नोंद ठेवावी. त्रास केव्हा येतो व कशाने वाढतो, हे त्यावरून कळते. डॉक्टरांनाही निदानास आधार मिळतो. मात्र जीव नकोसा वाटू लागला, तर वहीची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आणि घरच्यांनी? त्या दिवसांत दोन कामे आपल्या अंगावर घ्यावीत. बीजकोशाचे चक्र आपल्या हाती नाही. तिच्या डोक्यावरचा भार हलका करणे मात्र खचितच आहे.