सीलबंद ताजमहालाचे मोल

खेळण्यांची गणना आपण सहसा मालमत्तेत करीत नाही. दुकानाबाहेर पडताच त्यांच्यावर घसारा सुरू होतो आणि काही वर्षांत उरते ती निव्वळ अडगळ. डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो या कंपनीची खेळणी मात्र या नियमाला बऱ्याच अंशी अपवाद ठरली आहेत. ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ साली सुरू केलेल्या या उद्योगाने १९५८ साली प्लॅस्टिकच्या जोडविटेचे पेटंट घेतले. त्या काळातील वीट आजच्या विटेतही नेमकी बसते. जुना माल निरुपयोगी ठरत नाही, या एका गुणामुळेच त्याला दुय्यम बाजार लाभला आहे.

या बाजाराचे गणित समजण्यास कठीण नाही. कंपनी एखादा संच काही काळ विकते आणि नंतर त्याचे उत्पादन थांबवते. त्यानंतर जगात उरतात ते केवळ लोकांच्या कपाटांतील खोके. आणि त्यांतील काही दरवर्षी फोडले जात असल्याने पुरवठा आटतच जातो. मागणी येते ती प्रामुख्याने प्रौढांकडून. बालपणी जे परवडले नाही, ते कमावते झाल्यावर घेण्याची हौस जगभर सारखीच असावी! खोका न फोडलेला असेल तर भाव सर्वाधिक मिळतो. तो चेपलेला वा उन्हाने विटलेला असेल तर कमी. सुटे भाग आणि छोट्या बाहुल्याही स्वतंत्रपणे विकल्या जातात. २०१३ साली कंपनीने सोनेरी रंगाच्या केवळ ५,००० बाहुल्या साध्या पाकिटांत मिसळून विकल्या. आज त्या संग्राहकांच्या विशेष शोधाचा विषय आहेत.

मॉस्को येथील हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ सीलबंद संचांच्या किमती अभ्यासल्या. सरासरी परतावा वार्षिक सुमारे ११ टक्के आढळला. या दराने रक्कम साडेसहा वर्षांत दुप्पट होते, त्यामुळे वृत्तपत्रांनी या आकड्याला मोठी प्रसिद्धी दिली. त्याच अभ्यासातील दुसरी बाब मात्र तितकीशी चर्चिली गेली नाही: काही संचांचे मूल्य वर्षाला निम्म्यापर्यंत घटले होते, तर काहींचे कित्येक पटींनी वाढले होते. एवढी तफावत असताना सरासरीवर विसंबणे धाडसाचे होय.

या तफावतीचे उत्तम उदाहरण आपल्या ताजमहालाचेच आहे. २००८ साली लेगोने ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल बाजारात आणला. अमेरिकेतील किंमत ३०० डॉलर होती आणि तुकड्यांच्या संख्येनुसार तो तोवरचा सर्वांत मोठा संच होता. उत्पादन थांबल्यानंतर सीलबंद खोक्याचा भाव दोन हजार डॉलरच्याही पुढे गेला. अनेकांनी या चढ्या भावात तो खरेदी केला, कारण नवा पुरवठा होणार नाही असे सर्वांनीच गृहीत धरले होते. मात्र २०१७ च्या अखेरीस कंपनीने जवळजवळ तोच संच ५,९२३ तुकड्यांसह ३७० डॉलरला पुन्हा विक्रीस काढला. जुन्याचा भाव साहजिकच कोसळला. ज्यांनी २००८ साली मूळ किमतीत घेतला होता त्यांना फारशी झळ पोहोचली नाही. नुकसान झाले ते शिखरावर खरेदी करणाऱ्यांचे. 'स्टार वॉर्स' मालिकेतील मिलेनियम फाल्कन यानाबाबतही हेच घडले. २००७ सालच्या ५०० डॉलरच्या, ५,१९७ तुकड्यांच्या संचानंतर २०१७ साली ७,५४१ तुकड्यांचा नवा संच ८०० डॉलरला आला.

पुरवठ्याची किल्ली उत्पादकाच्याच हाती असते, ही या गुंतवणुकीतील मूळ जोखीम होय. सोन्याच्या बाबतीत असे कोणा एकाच्या इच्छेवर अवलंबून नसते. शिवाय कपाटातील खोक्यावर व्याज मिळत नाही, लाभांश नाही, आणि अडीअडचणीला तो तारण ठेवून कर्ज काढावे अशीही सोय नाही. विकायचा म्हटले तर ग्राहक शोधावा लागतो. विक्रीमंचाचे कमिशन, अवजड पार्सलचा खर्च आणि जागेचे भाडे वजा केल्यावर वरील ११ टक्क्यांतील किती उरतात, हे ज्याचे त्याने मांडून पाहावे. साठवणुकीची काळजी तर वेगळीच: मुंबई-कोकणातील दमट पावसाळ्यात पुठ्ठ्याचा खोका दहा वर्षे कोरा राखणे सोपे नव्हे.

भारतातील संग्राहकास आणखी एक हिशेब करावा लागतो. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. एवढ्या शुल्कासह आणलेल्या संचाची खरेदी किंमतच परदेशी संग्राहकाच्या कितीतरी पुढे जाते, आणि विकताना मात्र स्पर्धा त्याच्याशीच असते. बनावट मालाचा धोकाही मोठा आहे. हुबेहूब नकला बनविणाऱ्या एका टोळीवर शांघाय पोलिसांनी २०१९ साली कारवाई केली होती. म्हणूनच जुना संच घेताना खोक्यावरील मूळ चिकटपट्टी, छपाईचा दर्जा आणि खरेदीची पावती हे तिन्ही तपासले जाते. पावती नसलेल्या सीलबंद खोक्याला जाणकार ग्राहक पूर्ण भाव देण्यास सहसा तयार होत नाही.