साहसकथेंतील मोहपिशाच



साहसकथेंतला खलपुरुष ओळखण्यास फारसा विलंब लागत नाहीं. तो काळ्या किल्ल्यांत राहतो, त्याच्यापाशीं सैन्य असतें, आणि शेवटच्या प्रकरणांत नायकाशीं त्याचें द्वंद्व ठरलेलें असतें. परंतु याच जातीच्या कथांतून दुसरी एक वैरीण पुनःपुन्हां भेटते व तिची तऱ्हा अगदीं निराळी आहे. ती नायकावर चालून येत नाहीं. नायकच तिच्या दारीं चालत जातो. तिच्या हातांत शस्त्र नसतें. थकलेल्याला ती आसन देते, भुकेल्याला अन्न देते, एकट्याला सोबत देते; आणि हें सर्व घेतां घेतां त्याचें बळ, त्याची बुद्धि आणि शेवटीं त्याचा प्राणहि ओसरूं लागतो. युरोपीय वाङ्मयांत हिला सक्यूबस म्हणतात. आज तिच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय जरा अडचणीचा आहे हें मी जाणतों. परंतु घरांतलीं मुलें एव्हांना निजलीं असतील, असें गृहीत धरून बोलतों.

शब्द मूळचा लॅटिन. खालीं निजणारी, असा त्याचा अर्थ. हिचा जोडीदार तो इन्क्यूबस, म्हणजे वर दडपून बसणारा. या दोन नांवांवरूनच ध्यानांत येतें कीं ही कल्पना रणांगणावर जन्मलेली नसून बिछान्यावर जन्मलेली आहे. मध्यरात्रीं जाग यावी, डोळे उघडे असावे, परंतु हातपाय हालूं नयेत, आणि छातीवर कोणी बसलें आहे असा भास व्हावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. मन जागें झालें तरी निद्रेंत शिथिल झालेले स्नायु क्षणभर तसेच राहतात, असा त्याचा उलगडा आजचें शरीरशास्त्र करतें. जुन्या काळच्या मठांतील एकाकी भिक्षूला हा उलगडा कोण सांगणार? छातीवरच्या त्या भाराला त्यानें चेहरा दिला, आणि तो चेहरा सुंदर निघाला.

आपल्याकडील हडळ किंवा जखीण ही तिची दूरची बहीण म्हणतां येईल. सख्खी मात्र नव्हे. हडळीचीं पावलें उलटीं असतात, म्हणजे खालीं पाहणाऱ्याला तिची ओळख पटते. सक्यूबसच्या ठिकाणीं अशी खूण बहुधा नसते. कथाकाराला हें फारच सोयीचें झालें.

तथापि आरंभींच्या कथांत ती खलनायिका होती, असें म्हणतां येत नाहीं. बाराव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर मॅप या लेखकानें एक दंतकथा लिहून ठेविली आहे. गर्बर्ट नांवाचा एक तरुण विद्वान प्रेमांत निराश होऊन, कफल्लक होऊन रानांत भटकत असतां त्याला रेशमी गालिच्यावर बसलेली एक स्त्री दिसते. समोर द्रव्याची रास पडलेली असते. तिचें नांव मेरिडियाना. ती त्याला द्रव्य देते, विद्या देते, आणि मोबदल्यांत मागते ती केवळ निष्ठा. हाच गर्बर्ट पुढें सिल्व्हेस्टर दुसरा या नांवानें ९९९ पासून १००३ पर्यंत रोमचा पोप होता. तो खरोखरच मोठा गणिती होता, आणि एवढें गणित माणसाला स्वतःच्या बुद्धीनें येईल यावर लोकांचा विश्वास बसला नाहीं, असेंच या दंतकथेवरून दिसतें!

या ठिकाणीं आपल्याला स्त्रीराज्यांत रमलेल्या मच्छिंद्रनाथाची आठवण होईल. १९३२ सालीं कोल्हापुरास प्रभात कंपनीनें त्याच कथेवर 'माया मच्छिंद्र' हा बोलपट काढला होता. त्या कथेंत राणी मच्छिंद्रनाथाला बेड्या घालीत नाहीं. दारें उघडीं असतात. म्हणूनच गोरखनाथाला तेथें लढाई करतां येत नाहीं. मृदंग वाजवून गुरूला आपली ओळख पटवावी लागते. आणि निरोपाच्या वेळीं राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहतें, तेव्हां तिला दुष्ट म्हणण्याचें धैर्य आपल्यालाहि होत नाहीं.

मग युरोपांत या स्त्रीचें खलनायिकेंत रूपांतर झालें कसें? याचें एक उत्तर न्यायालयांत सांपडतें. १४८५ सालीं इन्सब्रुक येथें हाइनरिख क्रामर या धर्मन्यायाधीशानें कांहीं स्त्रियांवर चेटुकाचा खटला भरला. त्यांपैकीं एकीच्या खासगी वर्तनाविषयीं त्यानें इतके अप्रस्तुत प्रश्न विचारले कीं तेथील धर्माधिकाऱ्यांनाच तें रुचलें नाहीं. खटला फिसकटला, स्त्रिया सुटल्या, आणि बिशपनें क्रामरला गांव सोडण्यास सांगितलें. क्रामर निघून गेला आणि लिहावयास बसला. १४८६-८७ च्या सुमारास छापलेला त्याचा ग्रंथ म्हणजे 'मालेउस मालेफिकारुम', अर्थात् चेटकिणींवरील हातोडा. पिशाचें आणि मनुष्यें यांच्या संगाची त्यांत गंभीरपणें चर्चा आहे, आणि चेटुकाचें मूळ स्त्रीच्या अतृप्त वासनेंत आहे असा सिद्धान्त आहे. पुरुषाच्या मनांत जें उठतें त्याचा जाब स्त्रीला विचारावयाचा, हा न्याय त्या ग्रंथानें छापील व टिकाऊ केला. पुढच्या दोन शतकांत चेटुकाच्या आरोपावरून युरोपांत हजारों माणसें जाळलीं गेलीं, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कथाकारांच्या हातीं आपली ही वैरीण आली ती या वाटेनें आली, हें विसरून चालणार नाहीं.

आतां खुद्द कथांकडे वळूं. १७७२ सालीं झाक काझोत या फ्रेंच लेखकानें 'प्रेमांत पडलेला सैतान' या अर्थाच्या नांवाची एक छोटी कादंबरी लिहिली. आल्वार नांवाचा एक तरुण स्पॅनिश अधिकारी नेपल्सजवळच्या भग्नावशेषांत, निव्वळ बढाईखातर, सैतानाला हांक मारतो. खिडकींतून उंटाचें एक अक्राळविक्राळ डोकें आंत येतें आणि त्याला त्याची इच्छा काय तें विचारतें. हा प्रश्न ही माझ्या मतें साऱ्या सक्यूबस-कथांची किल्ली आहे. राक्षस नायकाला धमकावतो. ही त्याची मर्जी विचारते. पुढें तें डोकें कुत्र्याचें रूप घेतें, मग हुजऱ्याचें, आणि अखेर बियोंदेत्ता या तरुणीचें. ती आल्वारची चाकरी करते, त्याच्यासाठीं दुखणें सोसते, रडते, रुसते. वाचतां वाचतां आपणहि विसरून जातों कीं आरंभीं उंटाचें डोकें होतें. आईच्या आशीर्वादावांचून लग्न करणार नाहीं, एवढा एकच हट्ट आल्वार धरून बसतो, आणि त्या एका धाग्यावर तो तरतो. काझोतनें आपल्या वैरिणीला एकहि दुष्ट कृत्य करावयास लावलेलें नाहीं. तिच्या प्रेमांतलें खरें किती व खोटें किती याचा निवाडा तो शेवटपर्यंत पुरता करीत नाहीं, म्हणूनच अडीचशें वर्षांनंतरहि ती कथा शिळी वाटत नाहीं.

१७९६ सालच्या मॅथ्यू लुइसच्या 'द मंक' या कादंबरींत हेंच बीज अधिक भडक रंगांत आलें आहे. तेथें माटिल्डा मुलाच्या वेषांत मठांत शिरते, गर्विष्ठ मठवासी अँब्रोसिओला पायरीपायरीनें खालीं आणते, आणि शेवटीं कळतें कीं ती मुळांत पिशाचच होती. पुस्तक गाजलें, परंतु हा शेवटचा खुलासा मला नेहमींच पळवाटेसारखा वाटत आला आहे. माटिल्डा मानवी असती तर अँब्रोसिओचें पाप त्याचें स्वतःचें राहिलें असतें.

ती पळवाट उघडी पाडली बाल्झाकनें. त्याच्या 'कोंत द्रोलातीक' या कथासंग्रहाचा दुसरा भाग १८३३ सालीं निघाला. त्यांत 'सक्यूबस' याच नांवाची एक कथा आहे, आणि तिची मांडणी १२७१ सालीं तूर शहरीं चाललेल्या एका खटल्याच्या दप्तरासारखी आहे. आरोपी परदेशची, सांवळी, रूपवती स्त्री. एकामागून एक साक्षीदार येतात. कोणी म्हणतो हिनें माझा पैसा खाल्ला, कोणी म्हणतो माझा मुलगा खाल्ला. ती स्वतः बोलावयास उभी राहते तेव्हां दिसतें तें इतकेंच कीं लहानपणापासून तिला दुसऱ्यांनीं वाढविलें, वळविलें आणि हवें तसें वापरलें. कहर असा कीं न्याय करावयास बसलेला वृद्ध धर्माधिकारी स्वतःच तिच्यावर लुब्ध होतो, आणि आपल्या मोहाचा कबुलीजबाब देतांनाहि दोष तिच्याच माथीं मारतो. तिला जाळण्यांत येतें. खलनायिकेची कथा म्हणून हातीं घेतलेलें पुस्तक मिटतांना खल कोण हें सांगावें लागत नाहीं. बाल्झाकची विनोदाची भाषा पुष्कळांना खटकते, मलाहि कोठें कोठें खटकते. पण क्रामरच्या हातोड्याला इतकें खणखणीत उत्तर मी दुसऱ्या कथेंत वाचलेलें नाहीं.

विसाव्या शतकांत अमेरिकेंतील स्वस्त मासिकांनीं या वैरिणीला मुखपृष्ठावर आणून बसविलें, आणि तेथें तिची बरीच दुर्दशा झाली. चित्रकाराला ती हवी होती, विक्रेत्याला हवी होती. लेखकाला मात्र तिचें काय करावें हें पुष्कळदां समजलें नाहीं. नायकानें एकदां भुलावें, मग तलवार उपसावी, आणि पुढचें प्रकरण सुरू करावें, एवढ्यावर भागूं लागलें. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. कागद, पेन्सिल आणि फांसे घेऊन मंडळी एकत्र बसतात आणि साहसकथा तोंडी रचीत जातात, असें त्याचें स्वरूप आहे. १९७६ सालच्या त्याच्या एका पुरवणींत सक्यूबस आली, आणि १९७७ सालच्या त्याच्या राक्षसकोशांत तिच्या एका चुंबनासरशीं खेळाडूच्या पात्राच्या पराक्रमाची एक पायरी उतरते, असा चोख हिशेब मांडला गेला. खेळाला नियम लागतात, त्याला इलाज नाहीं. पण मोहाचा हिशेब फांशांवर झाला कीं खेळाडूला काय हवें होतें, हा काझोतचा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. याच खेळाच्या सृष्टींतून १९९९ सालीं निघालेल्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' या संगणक-खेळांत मात्र फॉल-फ्रॉम-ग्रेस नांवाची एक सक्यूबस आहे, आणि तिनें स्वतः होऊन संयम पत्करलेला आहे. तिच्या घरीं पाहुणे येतात ते केवळ बुद्धीची भूक भागविण्यासाठीं, संभाषणासाठीं! आपल्या स्वभावाविरुद्ध उभें राहण्याचा हक्क नायकाप्रमाणें तिलाहि असावा, ही कल्पना मला मनापासून आवडली.

या परंपरेंतील सर्वांत सरस कथा मात्र त्याच्याहि पुष्कळ आधींची, आणि ती त्याच स्वस्त मासिकांपैकीं एकांत आली. १९३३ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या 'वीअर्ड टेल्स' मासिकांत सी. एल. मूर या नांवानें 'शॅम्ब्लो' ही कथा प्रसिद्ध झाली. लेखिका कॅथरीन मूर ही इंडियानापोलिस शहरांतील एका पेढींत नोकरीस असलेली बाविशींतली तरुणी. आपण कथा लिहितों हें पेढींत कळूं नये म्हणून तिनें पूर्ण नांव दिलें नव्हतें.

कथा घडते मंगळावर. नॉर्थवेस्ट स्मिथ नांवाचा एक निर्ढावलेला भटक्या, जमावानें घेरलेल्या एका मुलीला वांचवितो. जमावाला तो दटावतो, ही माझी आहे असें सांगतो. आणि आश्चर्य असें कीं जमाव रागावण्याऐवजीं किळस येऊन मागें सरतो. वाचकाला येथेंच थोडें चमकावयास होतें. मुलीच्या डोक्याला फडकें घट्ट गुंडाळलेलें असतें. स्मिथ तिला आपल्या खोलीवर आणतो आणि आपल्या उद्योगाला लागतो. एका रात्रीं तें फडकें सुटतें. त्याखालीं केंस नसतात. लाल, जिवंत, वळवळणारें असें कांहीं असतें. त्याच्या विळख्यांत सांपडलेल्याला एकाच वेळीं पराकाष्ठेची शिसारी आणि पराकाष्ठेचें सुख होतें, आणि त्या सुखावर ती जगते. मूरनें या दोन भावना वेगळ्या होऊंच दिल्या नाहींत. तिचा नायक फसत नाहीं. काय चाललें आहे तें त्याला कळतें, आणि तरीहि त्याला सुटावेंसें वाटत नाहीं.

तीन दिवसांनीं त्याचा मित्र यॅरोल येतो. तोहि तिच्याकडे पाहतांच ओढला जाऊं लागतो. परंतु भिंतीवरच्या आरशांत तिचें प्रतिबिंब दिसतें, पर्सियस आणि मेदूसा यांची पुराणकथा त्याला आठवते, आणि पाठमोरा होऊन, आरशांत पाहून तो खांद्यावरून नेम धरतो. शॅम्ब्लो मरते. दुसरा एखादा लेखक येथेंच थांबला असता. मूर थांबत नाहीं. स्मिथ शुद्धीवर आल्यावर दोघे मित्र बसून बोलतात, आणि यॅरोल त्याच्याकडून एक वचन मागतो: पुन्हां कधीं असली कोणी भेटली तर ओळख पटतांच गोळी घालावयाची. स्मिथ पुष्कळ वेळ गप्प बसतो. दूरचें कांहीं पाहिल्यासारखे त्याचे डोळे होतात. मग तो, आवाज नीट लागत नसतांना, प्रयत्न करीन एवढेंच म्हणतो.