गाड्यांचे रंगकाम आणि दमा: पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्यांनी काय ओळखावे?

तुमच्या घरातील कोणी चाकण किंवा पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये काम करत असेल आणि त्याला रात्री खोकला येत असेल, छातीत घरघर होत असेल, तर डॉक्टरांना कामाचे नेमके स्वरूप सांगा. बहुतेक जण फक्त "कंपनीत आहे" एवढेच सांगतात आणि निदान तिथेच चुकते.

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर देतात. मग तो टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर चढवतात व भट्टीत भाजतात. त्यानंतर रंगाचा बेस कोट आणि शेवटी चमक देणारा क्लिअर कोट. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा हा शेवटचा थर. अनेक क्लिअर कोटमध्ये हार्डनर मिसळतात आणि त्यात आयसोसायनेट हे रसायन असते. फवारणीत ते श्वासावाटे आत जाते. त्वचेवर उडाले तरी ॲलर्जी सुरू होऊ शकते.

मोठ्या कारखान्यात फवारणी रोबोट करतात, त्यामुळे धोका बराच कमी असतो. पण हार्डनर मिसळणे, गन धुणे, टच-अप करणे ही कामे माणसांकडेच असतात. तोंडाला रुमाल बांधून फवारणी होणाऱ्या छोट्या गॅरेजची तर गोष्टच वेगळी. वास येत नाही म्हणजे हवा सुरक्षित, असे समजू नका. साधा धुळीचा मास्क इथे पुरेसा नाही; फवारणी करणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो.

"इतकी वर्षे हेच काम करतोय, काही झाले नाही" हे आम्ही नेहमी ऐकतो. हा दमा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही सुरू होतो. त्रास अनेकदा शिफ्ट संपल्यावर, रात्री होतो. सुट्टीत बरे वाटते, कामावर परतले की पुन्हा सुरू. एकदा ॲलर्जी झाली की अगदी थोडे रसायनही पुरते. इन्हेलरने दम लागणे कमी होते, पण संपर्क चालूच राहिला तर दमा कायमचा होऊ शकतो. लवकर दूर झालेल्यांना जास्त फायदा होतो.

तरी त्रास सौम्य असेल तर तपासणीआधी काम सोडू नका. पीक फ्लो मीटरवर दिवसातून किमान 4 वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी, काही आठवडे नोंदी घ्याव्या लागतात. त्यावरून निदान होते आणि विभाग बदलून मागताना हाच कागद उपयोगी पडतो. बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मात्र थेट रुग्णालयात जा.

पहिल्या भेटीला येताना हार्डनरच्या डब्यावरील लेबलचा फोटो आणि ईएसआय कार्ड सोबत ठेवा.