तुटलेली कॉइल जोडू नका, मोजून बदला!

सातपुड्यावरून गार वारे सुटले, की बाजाराच्या दिवशी वीज-दुरुस्तीच्या दुकानापुढे गर्दी वाढते. कुणाच्या पिशवीत इस्त्री, कुणाच्या पिशवीत कॉइलची शेगडी, कुणाच्या हातात पाणी तापवायचा रॉड. डाब-मोलगीकडे तर काही हिवाळ्यांत पहाटे दव गोठते. तिथे गरम पाण्याची मातब्बरी काय सांगावी! गिऱ्हाईक शेगडी पुढे करते आणि म्हणते, "भाऊ, कॉइल तुटली. जरा पिळून जोडून द्या ना." दुकानदार तुटलेली दोन टोके एकमेकांत पिळतो, शेगडी लावतो, कॉइल लाल होते. गिऱ्हाईक खूष. आठ-पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक, तीच शेगडी आणि तेच दुकान!

वाचकहो, असे का होते, याचा कधी विचार केला आहे का? दोष दरवेळी कंपनीचा नसतो, आपल्या नशिबाचा तर नसतोच. कॉइलची लांबी हिशोबाने ठरवलेली असते. आपण ती वीतभर तोडून जोडली, की तो हिशोब मोडतो. हा हिशोब चौथी शिकलेल्या माणसालाही कळेल असा आहे. म्हणून आज त्याचीच थोडी ओळख करून घेऊ.

तार कशाची असते?

आपल्याकडे टोस्ट म्हणजे चहात बुडवायचा बेकरीचा टोस्ट. पण लग्नाच्या आहेरातून आता ब्रेड भाजायचा टोस्टरही घरात येऊ लागला आहे. त्याच्या फटीत डोकावून पाहा (आधी पिन काढून ठेवा बरं!). आत पातळ पत्र्यासारख्या पांढुरक्या पाट्या दिसतील आणि त्यांवर चपटी पट्टी गुंडाळलेली दिसेल. पाटी अभ्रकाची आणि पट्टी नायक्रोमची. शेगडीतली गोल स्प्रिंगसारखी कॉइलही बहुधा याच धातूची असते.

नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. निकेल ऐंशी टक्के, क्रोमियम वीस टक्के. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली त्याचे पेटंट मिळाले. त्यापूर्वी लोखंडाची तार वापरून पाहिली जाई. पण लाल झालेले लोखंड हवेतच गंजून जळते. नायक्रोमचे तसे नाही. ते तापले की अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरते आणि तो थरच आतल्या धातूला सांभाळतो. हा धातू हाती आल्यावर १९०९ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने टोस्टर बाजारात आणला. त्यासाठी लागणारे अभ्रक उष्णता सोसते आणि वीज अडवते. या अभ्रकाचे मोठे आगर म्हणजे आपल्याच देशातले कोडरमा, तेव्हाच्या बिहारातले आणि आताच्या झारखंडातले.

पुढे १९३१ च्या सुमारास स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्ट्झो यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा 'कँथल' नावाचा मिश्रधातू पुढे आणला. तो स्वस्त पडतो. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल, तर लोहचुंबक लावून बघा. थंड कँथलला चुंबक चिकटतो, ऐंशी-वीसच्या नायक्रोमला चिकटत नाही. एकाच जाडीची आणि लांबीची तार घेतली, तरी कँथलचा रोध जास्त असतो. म्हणून नायक्रोमच्या जागी तेवढीच कँथल टाकली, तर शेगडी थोडी मंद चालते.

हिशोब असा

आपल्या घरी वीज येते ती २३० व्होल्टची. शेगडी आहे १००० वॉटची. १००० ला २३० ने भागा. उत्तर येते ४.३५. इतके अँपिअर त्या तारेतून वाहिले पाहिजेत. आता २३० ला ४.३५ ने भागा, आले ५३. म्हणजे तारेचा रोध ५३ ओहम हवा. झाला अर्धा हिशोब.

दुकानात २६ गेजची नायक्रोम तार मिळते. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. तिच्या एका मीटरचा रोध सुमारे ६.७ ओहम भरतो. ५३ ला ६.७ ने भागले, की उत्तर येते जवळपास आठ मीटर. शेगडीत वीतभर दिसणारी ती स्प्रिंग उलगडली, तर आठ मीटर तार निघते! सहा मिलिमीटरच्या सळईवर तिचे चारशेच्या आसपास वेढे होतात.

टोस्टरचा हिशोबही हाच. फक्त तो ७००-८०० वॉटचा असतो आणि तारेऐवजी चपटी पट्टी असते. पट्टीमुळे पृष्ठभाग जास्त मिळतो आणि ब्रेडवर आच सारखी पडते. त्यातही कारागिरी पाहा. गरम हवा वर चढते, म्हणून बऱ्याच टोस्टरांत पट्टीचे वेढे खाली दाट आणि वर विरळ ठेवतात. नाहीतर ब्रेड वरून करपेल आणि खालून पांढरा राहील. चुलीवर भाकरी फिरवून शेकणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे वेगळे सांगायला नको.

वीतभर तोडली, तर काय बिघडले?

आता मुद्द्यावर येऊ. कॉइल तुटली, जळका तुकडा कापला आणि टोके जोडली. असे दोन-चारदा झाले आणि आठ मीटरातली एक मीटर तार गेली. उरली सात मीटर. आपण म्हणाल, तार कमी झाली तर आचही कमी होईल. नाही! उलटे होते. रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि शेगडी १००० ऐवजी सुमारे ११४० वॉट ओढू लागते.

त्याहून वाईट पुढेच आहे. आधी एका मीटर तारेवर १२५ वॉटचा भार होता. आता तोच १६३ वॉट झाला. म्हणजे तारेच्या प्रत्येक वितीवर ३० टक्के जास्त ओझे! आठ बैलांचे ओझे सात बैलांवर लादले, तर तक्रार नाही. इथे बैल कमी केले आणि वर पोतीही वाढवली. मग तार पुन्हा तुटणारच.

शिवाय तो पिळलेला सांधा. जुन्या तारेवर ऑक्साइडचा थर असतो, हे वर पाहिले. हाच थर दोन टोकांच्या मध्ये येतो आणि सांधा नीट बसत नाही. तेवढ्या जागी उष्णता साचते आणि तार तिथेच पुन्हा जळते. काही जण सोल्डरचा डाग देतात. पण सोल्डर दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो आणि कॉइल लाल होते ती सहाशे अंशांच्या पुढे. तो टिकेल कसा?

व्होल्टेजचा खेळ

"मग आमची तोडून जोडलेली शेगडी संध्याकाळी चांगली कशी चालते?" हा प्रश्न रास्त आहे. वीजदाब २३० च्या वरखाली सहा टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट असावा, असा नियम आहे. पण लांबच्या लाइनीच्या शेवटच्या टोकाला, भार वाढला की दाब घसरतो, हे खेड्यातल्या माणसाला पुस्तकात वाचावे लागत नाही. दिवा पाहिला तरी कळते. दाब १८० वर आला, तर १००० वॉटची शेगडी १००० ची राहत नाही. ती देते फक्त ६१२ वॉट. कारण वॉट व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घटतात.

दहा लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला, काहीच वाया गेले नाही तरी, १००० वॉटला २१ मिनिटे लागतात. दाब १८० असेल, तर ३४ मिनिटे लागतात. टोस्टरमध्ये ब्रेड भाजत नाही, नुसता वाळतो. मग माणूस वैतागतो आणि म्हणतो, "कॉइल थोडी आखूड करून द्या, म्हणजे आच वाढेल." आच वाढते, हे खरे. पण रात्री भार उतरला, दाब पुन्हा २३०-२४० वर चढला, की हीच आखूड कॉइल स्वतःला जाळून घेते. तेव्हा कमी दाबावरचा उपाय कॉइल कापणे हा नव्हे. झाकण ठेवून पाणी तापवा, भार नसलेल्या वेळी तापवा आणि दाब रोजच कमी असेल, तर सर्वांनी मिळून वीज कार्यालयात लेखी तक्रार द्या.

उष्णता हे विजेचे सर्वांत जड काम आहे, हेही ध्यानात ठेवा. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला होता. पुढे तो सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. त्या १५ किलोवॉटमध्ये पाड्यापाड्यांवर दिवे लागले. पण तेवढ्याच विजेवर हजार वॉटच्या शेगड्या किती चालल्या असत्या? फक्त पंधरा! एक शेगडी म्हणजे नऊ वॉटचे एकशे अकरा एलईडी दिवे. गल्लीतल्या दहा घरांनी एकदम रॉड लावले, की दिवे का मंदावतात, ते यावरून उमजेल.

नवी कॉइल बसवताना

शेगडीच्या पाटीवर वॉट लिहिलेले असतात. दुकानात 'शेगडीची कॉइल द्या' एवढेच म्हणू नका. 'हजार वॉटची, २३० व्होल्टची' असे सांगा. दुकानदाराकडे मल्टिमीटर असतोच. दोन्ही टोके धरून मोजायला सांगा. हजार वॉटची कॉइल थंड असताना ५० ते ५३ ओहम दाखवते. तापल्यावर रोध थोडा वाढतो. ३५-४० दाखवले, तर ती कॉइल जास्त वॉटची आहे, घेऊ नका.

कॉइल ताणताना दोन्ही टोके धरून एकसारखी ताणावी. एका जागी दाट, एका जागी विरळ राहिली, तर दाट भाग जास्त तापतो आणि तिथेच तुटते. चिनी मातीच्या प्लेटच्या खाचेत ती सैल पण पूर्ण बसली पाहिजे. काठावर आली, तर भांड्याला लागेल. टोके स्क्रूखाली घट्ट आवळावीत, सोल्डर करू नये. टोस्टरची अभ्रकाची पाटी फुटली असेल, तर ती पाटीच बदलावी. तिथे पुठ्ठा किंवा कागद घालणे म्हणजे घरात आग ठेवणे. सगळे जोडून झाले, की पिन आणि बाहेरचा पत्रा यांच्यात वीज उतरत नाही ना, हे मेगर लावून तपासून घ्यावे. ही दोन मिनिटांची तपासणी न करता शेगडी घरी नेऊ नका.

कॉइल गेली, आणता येते

माणूस गेला, तर आणता येत नाही. उघड्या कॉइलच्या शेगडीवर दूध उतू गेले, की मीठ-साखरेने कॉइल खराब होतेच. पण ओल्या भांड्यातून वीज हातात येऊ शकते, हे जास्त भयंकर. बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर जोडलेले असेल, तर बटण बंद असतानाही कॉइलमध्ये वीज असते. म्हणून चमचा, सुरी, काटा कॉइलजवळ नेण्याआधी बटण नव्हे, पिनच काढायची. टोस्टरमध्ये अडकलेला ब्रेड काढतानाही हेच.

पाणी तापवायच्या रॉडमध्ये कॉइल धातूच्या नळीत असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता बाहेर सोडते आणि वीज अडवते. नळीला चीर पडली, की ही भिंत कोसळली. असा रॉड दुरुस्त होत नाही. तो सरळ मोडीत टाका. रॉड पाण्यात ठेवल्यावरच बटण सुरू करा आणि पाण्यात बोट घालण्याआधी पिन काढा. रॉड, इस्त्री आणि शेगडी यांना आयएसआय शिक्का बंधनकारक करणारा आदेश २००३ साली निघाला आहे. शिक्का पाहूनच घ्या. दीड हजार वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. त्याला सोळा अँपिअरचाच सॉकेट हवा. आगपेटीच्या काड्या घालून नुसत्या तारा खोचणे सोडा.

आणि अर्थिंग! तीन पिनांतली जाडी पिन मोडून टाकणारे महाभाग गावोगाव आहेत. तीच पिन वीज जमिनीत उतरवते आणि आपल्याला वाचवते. घराचे अर्थिंग जाणकार विजतंत्रीकडून तपासून घ्या आणि जमेल त्याने ३० मिलिअँपिअरला बंद पडणारे गळती-रोधक बटण मीटरजवळ बसवून घ्या.

आयटीआयमधून विजतंत्रीचा कोर्स करून आलेल्या गावच्या मुलांनी हा कॉइलचा हिशोब दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. गिऱ्हाईक पिळून जोडायला सांगेल, तेव्हा त्याला तो वाचून दाखवावा. चार पैशांचे गिऱ्हाईक त्या दिवशी कदाचित परत जाईल. पण मोजून घातलेली कॉइल पुढचा हिवाळा पाहील आणि तेच गिऱ्हाईक शेजाऱ्याला घेऊन तुमच्याकडे येईल.